कितवं चालेल

रकाना क. भाषा व लेखन. पूर्ण.
रकाना ख. गणिती विचार. पूर्ण.
रकाना ग. मानव्य. पूर्ण (एक विषय जादा).
रकाना घ. समाजविज्ञान. अपूर्ण.
रकाना च. प्रयोगासह विज्ञान. पूर्ण.

घ आणि च यांच्यामध्ये ङ यायला हवा. पण तो कुणालाच टाईप करता येत नाही म्हणून विद्यापीठानं तो रकाना ठेवलाच नसावा. जे टाईप होत नाही ते नसतं. आणि जे एकदा टाईप झालं ते हलत नाही. मी फोनचा पडदा वर ओढला, खाली ओढला, बंद करून पुन्हा उघडला. अपूर्ण. इस्त्रीच्या रोलरमधून चादर आली, ती धरली, घडी घातली, पुन्हा बघितलं. अपूर्ण.

आज एकवीस तारीख.

सत्तावीसला दुपारी एक वाजता निकालाची यंत्रणा बंद होते. त्यानंतर जे अपूर्ण ते पुढच्या सहामाहीपर्यंत अपूर्ण. आणि तीस तारखेला आमच्या लाँड्रीच्या मॅनेजरपदाचे अर्ज बंद होतात. नोटीस हजेरीच्या मशीनशेजारी चिकटवलीय: व्यवसाय व्यवस्थापनातील पदवी आवश्यक. 'आवश्यक'खाली कुणीतरी पेनानं दोनदा रेघ मारलीय. अकरा वर्षं ही लाँड्री मी चालवते, सही साहेब करतात. आता साहेब निवृत्त होतायत. पदवी असेल तर मी. नसेल तर साहेबांचा भाचा. भाचा दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं केबिनमधलं टेबल वितीनं मोजलं.

*

व्यवसायाचे विषय मला कधीच जड गेले नाहीत. पुरवठा साखळी शिकवत होते तेव्हा मी मनात म्हणायचे, अहो, सात इस्पितळं, तीन हॉटेलं, रोज चार हजार चादरी, एक बॉयलर आणि त्याला ताप, या माझ्याकडे. अडचण झाली ती जनरलची. अर्जावर 'सामान्य शिक्षण' लिहिलेलं असतं, पण सगळे जनरलच म्हणतात. धंद्याची पदवी हवी असेल तर थोडं थोडं सगळं यायला हवं. कविता, आकडेवारी, दगड.

दगड हे खरंच होते. च रकान्यासाठी मी भूशास्त्र घेतलं होतं. शनिवारी बसून दगडावर दगड घासायचा आणि रेघेचा रंग लिहायचा.

नवरा म्हणाला होता, "लाँड्रीच्या मॅनेजरला दगड कशाला ओळखता यायला हवेत?"

"विचार करायला शिकवतात."

"नाही, बरोबर आहे त्यांचं. पूर्वी दगडावरच धुवायचे."

ग रकान्यासाठी संगीतश्रवण. ते कानात घालून मी टॉवेल मोजायचे. मोजणी एकदाही चुकली नाही, संगीत मात्र दोनदा चुकलं. असं करत सहा वर्षं. शेवटी उरला एकच रकाना, घ. त्यासाठी मी अर्थशास्त्र घ्यायचं ठरवलं. आपल्याच गल्लीतलं, ओळखीचं.

नोंदणी फोनवर करायची होती. बॉयलरवाल्याला एका हातानं थांब म्हणत दुसऱ्या हातानं मी यादी खाली ओढली. फोनचा पडदा लहान. 'अर्थ ११०…' एवढं दिसलं. दाबलं.

*

पहिले दोन शनिवार बॉयलरनं खाल्ले. तिसऱ्या शनिवारी मी आलेखाची वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन गेले. फळ्यावर लिहिलं होतं: 'उद्या बघू' या वाक्यात उद्या म्हणजे कधी?

मला वाटलं, महागाईवर येतील.

अर्धा तास झाला तरी कुणी महागाईवर येईना. बाई खडू हातात फिरवत विचारत होत्या, "'घर बसलं' आणि 'घरी बसलं', काय फरक?" मुलं हसत होती. मी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "मागणी-पुरवठा कधी होणार?"

तिनं माझ्या कॅल्क्युलेटरकडे बघितलं. "काकू, हे ते अर्थ नाही."

"मग कुठलं?"

"अर्थाचं अर्थ."

म्हणजे शब्दाला अर्थ असतो ना, तो. अर्थविचार ११०, भाषा विभाग. माझ्या पडद्यावर तेवढं मावलं नव्हतं. आणि अर्थशास्त्र ११० त्याच्या बरोब्बर खालच्या ओळीत होतं. आता भरलेलं. विषय बदलायची मुदतही संपलेली.

त्याच दुपारी मी नोंदणीच्या काउंटरवर गेले. काउंटरवरच्या बाईंच्या कानाला फोन होता, एक हात गालावर, नजर स्क्रीनवर.

"मॅडम, चुकून हा अर्थ घेतला गेला. घ रकान्यात धरतील का?"

"जनरलचाच आहे ना?"

"हो."

"चालेल."

*

चालेल.

हा शब्द मी घेऊन आले. छातीशी धरून आणला म्हटलं तरी चालेल. बघा, इथेही आलाच.

*

अर्थाच्या बाई (त्यांना सगळे असंच म्हणायचे) एका शनिवारी 'चालेल'वर आल्या. फळ्यावर नुसता तो शब्द लिहिला आणि विचारलं, "कोण चालणार?"

पुढच्या बाकावरच्यांनी शब्द वहीत उतरवून घेतला.

"तुम्ही म्हणता, चहा चालेल. चहा चालणार कुठे? उद्या चालेल. उद्याला पाय आहेत? कर्ता दाखवा मला. करणारा माणूस दाखवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, करणारा नसतोच त्यात. म्हणून तर सगळे म्हणतात."

बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, सत्राचा निबंध हाच. कामाच्या जागेवरचा एक शब्द घ्या, तो कोण कुणाला म्हणतं ते महिनाभर टिपा आणि मग लिहा. शब्दकोश उघडलात तर नापास करीन.

मी शब्द शोधलाच नाही. आमच्याकडे त्याचा ढीग असतो.

ढीग म्हणजे ढीगच. रोलरमधून निघालेली चादर तपासणीच्या टेबलावर येते, खाली ट्यूबलाईट, वर डोळे. रजिस्टरमध्ये दोनच खाने आहेत: पास आणि परत. पास म्हणजे स्वच्छ, परत म्हणजे पुन्हा धुवायला. पण टेबलाजवळ ढीग तीन असतात. तिसऱ्यात फिकट डाग राहिलेल्या, पण पुन्हा धुवायला वेळ नसलेल्या चादरी. त्या इस्पितळाच्या खाटेवर जात नाहीत, रुग्णांच्या नातेवाइकांच्या झोपायच्या खोलीत जातात. त्या ढिगाचं नाव चालेल. रजिस्टरमध्ये तो पास म्हणून जातो. तो कुणी सुरू केला ते कुणालाच माहीत नाही. खरं सांगायचं तर मीच केला असेन. बॉयलर बंद होता त्या आठवड्यात.

तपासणीला आमची दुर्बीण बसते. साठीला आलीय, पण डाग तिला चादर उलगडायच्या आधी दिसतो.

"ताई, ही बघा. चालेल?"

"कशाचा आहे?"

"डाग विचारतो का चादर कुणाची म्हणून? चालेल का ते सांगा."

"चालेल."

"मग तसं आधी म्हणायचं ना. मी तर आधीच टाकली."

मी खिशात छोटी वही ठेवायला लागले. नोंद सतरा: दुर्बीण मला, 'चालेल ना?', चादर आधीच ढिगात. नोंद बेचाळीस: बॉयलरवाला साहेबांना, 'चालेल', मान खाली, नंतर बाहेर येऊन शिवी. नोंद एकोणनव्वद: नवरा मला, भाजीबद्दल, दुसरा घास न घेता.

"माझीपण नोंद?" नवरा म्हणाला.

"कामाच्या जागेवरची घ्यायची होती, पण तू जादा मिळालास."

"काय प्रकार लिहिलास?"

"तिसरा."

"म्हणजे?"

"मोठ्याशी वाद नको."

त्यानं भाजीवर झाकण ठेवलं. मग म्हणाला, "मोठं कोण आहे पण?"

*

महिन्याभरात दोनशे बारा नोंदी झाल्या. निबंधात मी सात प्रकार केले. पहिलं चालेल, हवंय पण मागायची लाज. दुसरं, डाग आहे, पण वेळ नाही. तिसरं नवऱ्याचं. चौथं, माझ्या हातात नाही, पण नाही म्हणवत नाही. पाचवं, आता जा. सहावं विचारून झालेलं, म्हणजे 'चालेल ना?', आणि ते चाललेलं असतंच. सातवं म्हणजे खरी परवानगी, जिला तोंड आहे, जी नंतर विचारलं तरी हो म्हणते. दोनशे बारामध्ये सातवी अकरा.

बाईंनी 'अ' दिला. शेवटी लाल पेनानं एक ओळ: 'यात तुम्ही स्वतः कितव्या?'

मी ते वाचलं आणि वही मिटली. पुन्हा उघडली. मिटली. मला काम होतं.

*

आणि मग एकवीस तारीख. घ. अपूर्ण. ग (एक विषय जादा). अर्थविचार भाषा विभागाचा, तो विभाग मानव्यात, मानव्य आधीच संगीतानं भरलेलं. माझा 'अ' चुकीच्या कप्प्यात जाऊन बसला होता, घडी घालून.

सोमवारी काउंटर. त्याच बाई. आज फोन नव्हता.

"मॅडम, तुम्ही चालेल म्हणाला होतात."

"मी? कधी?"

"सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात."

"मी असं कशाला म्हणेन? मला अधिकारच नाही तो." त्यांनी खणातून एक अर्ज काढला. "सूट समितीकडे द्या. शुक्रवारी बसते."

"शुक्रवारी सत्तावीस. एक वाजता बंद होतं ना सगळं?"

"ती बारालाच बसते."

*

मंगळवार. अर्ज लिहिला, फाडला. 'माझी चूक झाली' असं सुरू केलं, मग 'चूक झाली', मग नुसतं 'विनंती'. प्रत्येक वेळी एक माणूस वाक्यातून कमी होत होता. शेवटी निबंधच जोडला आणि वर लिहिलं: यात समाज आहे. तपासावा.

बुधवार. भाचा आला. तिसऱ्यांदा. टेबलाचा विषय मिटलेला असावा, या वेळी खिडकीकडे बघत होता. तपासणीपाशी थांबला. तिसऱ्या ढिगावर हात ठेवून म्हणाला, "हे काय?"

दुर्बीण म्हणाली, "चालेल."

"काय चालेल?"

"तेच."

तो हसून पुढे गेला. दुर्बीण मला म्हणाली, "ताई, याला हे पाच वर्षांत नाही कळायचं. तुमचं काय ते लवकर करा बाई." आणि नाकावरचा चष्मा वर ढकलून तिनं एक चादर चालेलमधून उचलली, परतमध्ये टाकली. का, ते सांगितलं नाही.

गुरुवार. काही नाही. गुरुवार असायलाच नको होता.

*

शुक्रवार, बारा.

एक लांब टेबल, तिघं. मध्ये भूगोलाचे सर, समितीचे अध्यक्ष. उजवीकडे अर्थशास्त्राच्या मॅडम, ज्यांचा वर्ग मी घ्यायला हवा होता. डावीकडच्या गृहस्थांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. ते पंख्याकडे बघत होते. मला खुर्ची दिली. मी बसले. उठले. पुन्हा बसले.

अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "हे भाषाशास्त्र आहे. शब्दाचा अर्थ म्हणजे समाजविज्ञान नव्हे."

"शब्द एकच आहे, मॅडम. पण तो कोण कुणाला म्हणतं ते मी मोजलंय. खालच्यानं वरच्याला म्हटलेलं एकशे छप्पन वेळा. वरच्यानं खालच्याला एकतीस. बरोबरीत पंचवीस."

"हे मोजायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आम्ही चादरी मोजतो. हातालाच सवय आहे."

"आणि निष्कर्ष?"

"जो खाली असतो तो चालेल म्हणतो, आणि मग ते त्याच्यावरून चालतं."

मॅडमनी चष्मा काढला. भूगोलाच्या सरांनी कागदावर बोटानं बेरीज केली. "दोनशे बारा. निदान बेरीज तरी बरोबर आहे. आमच्या विभागात हे क्वचित होतं." मग त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी खांदे उडवले, पंख्याकडे बघणाऱ्यांनी पंख्याकडे बघितलं.

"चालेल," सर म्हणाले.

उठायचं असतं अशा वेळी. आभार मानायचे, दार हळू लावायचं. मी उठलेही. हात खुर्चीच्या पाठीवर होता. आणि तिथेच ते तोंडातून गेलं.

"कितवं, सर?"

"काय?"

"कितवं चालेल?"

सरांनी निबंध जवळ ओढला, पान उलटलं, अजून एक उलटलं. सातही प्रकार वाचले. वेळ घेतला. घड्याळात बारा चौतीस.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "चौथं."

"म्हणजे तुमच्या हातात नाही."

"शिफारस माझ्या हातात आहे. रकाना काउंटरवरूनच उघडतो. त्यांनी उघडला तर उघडला." त्यांनी कागद सही करून माझ्याकडे सरकवला, आणि जरा वेळानं म्हणाले, "विचारलंत ते बरं केलंत. नाहीतर तुम्ही आत्ता घरी गेला असतात."

*

जिना. दुसरा जिना. चुकीचा जिना. परत.

काउंटरपुढे चौघं. पहिल्याचं आडनाव चुकलेलं, दुसरीची फोटोत मान वाकडी. बारा त्रेचाळीस. तिसरा फक्त कुठे सही करायची विचारायला आला होता. चौथी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही जा आधी, तुम्ही नुसत्या हलताय." तीच होती. कॅल्क्युलेटरकडे बघणारी.

बाईंनी शिफारस वाचली. स्क्रीनवर माझं नाव काढलं. घ वर बाण नेला. एक खिडकी उघडली.

"कारण टाकल्याशिवाय उघडत नाही. आजारपण टाकू? चालेल?"

"मी आजारी नव्हते."

"अहो, सगळे तेच टाकतात."

"डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतील ना नंतर?"

"मागतील." त्यांनी यादी खाली ओढली. आजारपण. बदली. विषय उपलब्ध नाही. "हा उपलब्ध होता." कार्यालयीन चूक. बाण तिथे थांबला आणि लगेच वर गेला.

"ते शेवटचं," मी म्हणाले.

"त्याच्यात माझा कर्मचारी नंबर आपोआप जातो." आवाज खाली आला होता. "मी म्हटल्याचं मला आठवतसुद्धा नाही."

मी खिशातून वही काढली. पहिलं पान. ते मी निबंधाचा विषय मिळाला त्या दिवशी आठवणीतून लिहिलं होतं, सगळ्यांच्या आधी. वही काचेखालून सरकवली.

नोंद १. नोंदणी काउंटर. बाई मला. 'जनरलचाच आहे ना? चालेल.' फोन कानाला, हात गालावर. प्रकार: ?

बाईंनी ते दोनदा वाचलं. बारा पन्नास. मागची मुलगीही वाकून वाचत होती.

"पुढे प्रश्नचिन्ह का?"

"ठरवता आलं नाही. तुम्हालाच माहीत."

त्यांचा हात नकळत गालावर गेला. तिथेच राहिला.

"दाढ दुखत होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे नंबर लावत होते. तुम्ही लवकर जावं एवढंच डोक्यात होतं."

"मग पाचवं."

"काय पाचवं?"

"लिहून घेते मी. तुम्ही टाका."

मला वाटलं त्या आता खिडकी बंद करतील. वही परत देतील, जेवणाची पाटी लावतील, आणि तीस तारखेला भाचा केबिनमध्ये खुर्ची मागेपुढे करून बघेल. माझ्या मनात ती खुर्ची करकरली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. कार्यालयीन चूक. नंबर आपोआप आला, त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. खाली शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा होती. त्या एकेका बोटानं टाईप करायला लागल्या, आणि तोंडानं म्हणत गेल्या.

"काउंटरवरून… चुकीची माहिती… दिली गेली."

दिली गेली. कुणी दिली? माहिती आपली आपण निघाली, काचेखालून आली, माझ्या हातात बसली. करणारा पुन्हा वाक्याबाहेर. अर्थाच्या बाई असत्या तर खडू खाली ठेवला असता.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

बारा चोपन्न.

ट्यूबलाईटवर धरल्यासारखं मी ते वाक्य बघितलं. डाग होता. फिकट, पण होता.

"चालेल," मी म्हणाले.

त्यांचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "हे कितवं?"

"आधी दाबा. मग सांगते."

त्यांनी दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मुलगी मागून म्हणाली, "होतं, होतं, सर्व्हर स्लो आहे." मग घ हिरवा झाला.

"दुसरं," मी म्हणाले. "डाग आहे, पण वेळ नाही."